नवाबचा डावा कान

गीर गाईचा कान कसा असावा, याबद्दल दोना झेनोबियाशी वाद घालणारा माणूस ब्राझीलमधल्या अख्ख्या काशोएरिन्या गावात नव्हता. एक होता, त्याच्याशी ती नऊ वर्षं बोलत नव्हती.

कान लांब हवा. सुकत आलेल्या तंबाखूच्या पानासारखा स्वतःभोवती गुंडाळलेला हवा, आणि शेवटी एक बारीकशी मुरड घेऊन त्याचं टोक आत, गालाकडे वळायला हवं. कपाळ पालथ्या वाडग्यासारखं, आणि डोळे जेवण झाल्यावर प्रवचन ऐकणाऱ्या माणसासारखे. हे सगळं तिला बापाने शिकवलं होतं आणि बापाला आजोबांनी. भारतातून बोटीने आलेला वळू बंदरावर उतरताना आजोबांनी पाहिला आणि तिथल्या तिथे टोपी काढली, असं घरात सांगत. त्या वळूचा फोटो बैठकीत होता. शेजारी मारियामातेची तसबीर होती, पण दिवा फोटोपाशी असायचा. तिथे उजेड कमी पडतो, असं दोना म्हणायची.

गाईंची नावं भारताच्या नकाशातून काढायची, ही घरची रीत. बडोदा शांत होती. मद्रासला माश्यांचा राग होता. सगळ्यांत वरच्या कुळाची पूना. दूध बेताचं, मान ताठ, आणि दुपारी एक ते चार तिला कुणी हात लावलेला खपत नसे. असं का, हे तिकडे कोणालाच कळत नव्हतं. या पूनाचा मुलगा नवाब. मे महिन्यात उबेराबाला गुरांचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथे नवाब दोनदा पहिला आला होता. त्याचा फोटो कॅलेंडरवर छापून यायचा आणि ते कॅलेंडर काशोएरिन्यातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात असायचं. फक्त शेजारच्या सेऊ बेलार्मिनोच्या घरात नसेल, अशी दोनाची समजूत होती. तिकडे मानाने बाईला दोना म्हणतात, पुरुषाला सेऊ.

बेलार्मिनो हाच तो न बोलण्यातला माणूस. त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला दोनाने धर्ममाता म्हणून पोर हातावर धरली होती, तेव्हापासून ती त्याची कोमाद्रे आणि तो तिचा कोंपाद्रे. भांडण झालं म्हणून हे नातं सुटत नाही, फक्त जास्त अवघड होतं. भांडणाचं कारण बेलार्मिनोचा वळू, सुलतान. नऊ वर्षांपूर्वी नोंदणी मंडळाचा माणूस त्याच्यावर शुद्ध वंशाचा शिक्का मारायला आला होता. लोखंड तापून लाल झालं होतं. पाहुणी म्हणून दोनाला बोलावलं होतं. तिने सवयीने सुलतानचा डावा कान हातात घेतला. टोक बाहेर वळलं होतं.

"हा कान खोटं बोलतोय," दोना म्हणाली.

लोखंड पाण्याच्या बादलीत गेलं. चर्र झालं. त्या दिवसापासून बेलार्मिनोचं नाव पडलं खोटाकान. औषधाच्या दुकानात खोटाकान, चर्चच्या पायरीवर खोटाकान. न्हावी विचारायचा, "सेऊ बेलार्मिनो, कानावरचे केस राहू देऊ ना? झाकलेलं बरं."

यंदा एप्रिलात बडोदा व्यायली. कालवड झाली, नवाबची. सकाळी दोना कॉफीचा पेला घेऊन गोठ्यात गेली आणि एका हाताने वासराचा उजवा कान चाचपला. उत्तम. मग डावा चाचपला. टोक बाहेर वळलं होतं.

कॉफी निवेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

मग ती नवाबच्या दावणीपाशी गेली आणि त्याचा डावा कान पाहिला. कॅलेंडरवर असतो तसाच होता, टोक आत. म्हणजे दोष नवाबच्या अंगावर दिसत नव्हता, पण त्याच्यातून पुढे आला होता. बडोदाकडून आला म्हणावं, तर बडोदाच्या आईचे, आजीचे, पणजीचे कान दोनाने स्वतः हाताळले होते. पूनाकडून? पूनाबद्दल असा विचार आल्याबद्दल तिने मनातल्या मनात पूनाची माफी मागितली. मग तिने गुराख्याला हाक मारली.

"जुवेनाल."

"बोला, दोना."

"या वासराचा कान बघ."

जुवेनालने कान सोडून सगळं वासरू पाहिलं. "गोड आहे," तो म्हणाला. "पाय काय सुरेख."

"मी कान म्हणाले."

"लहान आहे अजून. वळेल."

"कान वळत नसतो, जुवेनाल. नवाब झाला तेव्हा मी कुठे होते?"

"इस्पितळात. पित्ताचे खडे."

"खडे कुठे होते ते मला माहीत आहे, बाटलीत ठेवलेत. इथे काय झालं होतं?"

जुवेनालने टोपी काढली. तो टोपी फक्त पाद्र्यासमोर आणि प्रेतासमोर काढायचा, त्यामुळे दोनाला अर्धं तिथेच कळलं.

उरलेलं अर्धं त्याने जमिनीकडे बघत सांगितलं. पूनाचं वासरू झालं आणि तिसऱ्या दिवशी गेलं. वासरू पुढ्यात नसलं की पूनासारखी गाय पान्हा सोडत नाही. कास दगडासारखी झाली, चारा सुटला, हंबरून हंबरून आवाज बसला. दोना इस्पितळात टाक्यांवर झोपलेली, डॉक्टर म्हणाले होते तिला वाईट बातमी देऊ नका. तेव्हा जुवेनालने तिकडचे गुराखी करतात तेच केलं. मेलेल्या वासराचं कातडं काढलं आणि एका पोरक्या वासराच्या पाठीवर बांधलं. पूनाने हुंगलं, लाथ मारली, पुन्हा हुंगलं, आणि चाटायला लागली.

"आणि मी आले."

"आलात. गाडीतून उतरलात, घरात नाही गेलात, सरळ गोठ्यात. कातडं मी आदल्याच दिवशी सोडलं होतं. तुम्ही बघितलंत आणि म्हणालात, शंभर वासरांत ठेवा, पूनाचं कपाळ मी ओळखीन. डोळ्यांत पाणी होतं तुमच्या. त्यानंतर मी काय बोलायचं होतं?"

"म्हणायचं होतंस, दोना, हे कपाळ पूनाचं नाही."

"मी? तुम्हाला? कपाळाबद्दल?"

पुढचं तिचं तिलाच आठवलं. मंडळाचा माणूस वासराची नोंद करायला आला, तेव्हा तिने ओसरीवरूनच सांगितलं, पूनाचं आहे. त्याने कॉफी घेतली, चीजचे गोल पाव खाल्ले, नोंद केली आणि गेला. गोठ्याकडे त्याने पाहिलंही नाही. दोना झेनोबियाचा शब्द असताना वासराकडे बघणं म्हणजे तिचा अपमान झाला असता.

"कोणाचं होतं पोरकं?"

जुवेनालने हनुवटीने कुंपण दाखवलं. कुंपणापलीकडे एकच गोठा होता.

"सुलतानचं?"

"त्यांची गाय विताना गेली होती. इकडे वासराविना आई, तिकडे आईविना वासरू. मी जाऊन उभा राहिलो. सेऊ बेलार्मिनो म्हणाले, घेऊन जा. पण कोमाद्रेला सांगू नकोस कुठून आणलंस, ती दूध परत गाईत भरेल."

दोना कठड्यावर बसली. तिला दर मे महिन्यातलं प्रदर्शन आठवलं. नवाब मांडवात उभा असायचा, गर्दी पांगली की बेलार्मिनो यायचा, नवाबसमोर उभा राहायचा, टोपी काढायचा आणि म्हणायचा, "देखणं जनावर आहे, कोमाद्रे." वर्षातून हे एकच वाक्य. दोना मान डोलवायची. खोटाकानाने शेवटी हार मानली, असं समजून डोलवायची.

"अजून कुणाला माहीत आहे?"

"मी, ते, आणि पूना." पूना दोन वर्षांपूर्वी गेली होती, तेव्हा खरं तर दोघंच. जुवेनालने टोपी हातात फिरवली. "दोना, एक सुचवू? कालवड कुंपणाच्या तारेत अडकली म्हणू. टोक तेवढं कापलं तर... पोळीची कड कापली तरी पोळीच राहते."

दोनाने लगेच नाही म्हटलं नाही. हे जुवेनालच्या लक्षात आलं, आणि तिच्याही.

प्रदर्शन महिन्यावर होतं. नवाब यंदाही पहिला आला असता, म्हणजे लागोपाठ तिसऱ्यांदा. बापाला ते जमलं नव्हतं, आजोबांनाही नाही. नवाबची नोंद गेली तर त्याच्या सगळ्या वासरांचीही जाणार होती, आणि ती वासरं तिच्या एकटीच्या गोठ्यात नव्हती, अर्ध्या तालुक्यात विकली गेली होती. संध्याकाळी तिने शिंगं घासायच्या पेटीतली मोठी कात्री काढली, धार लावली आणि कालवडीकडे गेली. कालवडीने कात्री हुंगली, नंतर दोनाची बोटं तोंडात घेतली आणि चोखत राहिली. दोना बराच वेळ बोटं देऊन बसली. मग येताना तिने त्याच कात्रीने पेरूच्या वाळक्या फांद्या कापल्या, कात्री उगाच बाहेर काढली असं वाटू नये म्हणून.

सकाळी ती कुंपण ओलांडून पलीकडे गेली. फाटक उघडेना म्हणून तारेखालून गेली, आणि स्कर्ट तारेला लागून फाटला. बेलार्मिनो ओसरीवर मक्याच्या पानात तंबाखू वळत बसला होता.

"कोंपाद्रे."

"कोमाद्रे. फाटक आहे की बाजूला."

"गंजलंय."

"तुमच्या बाजूने," बेलार्मिनो म्हणाला, आणि खुर्ची पुढे केली. त्याच्या पाठीमागे भिंतीवर कॅलेंडर होतं. नवाबचं.

"नवाब तुमचा आहे," दोना म्हणाली.

बेलार्मिनोने विडी पेटवायला वेळ घेतला. "माझा कसला. माझ्या गाईने जन्म दिला, तुमच्या पूनाने दूध पाजलं, जुवेनालने आंघोळी घातल्या. मी आपली टोपी काढतो."

"इतकी वर्षं गप्प का बसलात? एका शब्दात मला गावासमोर आडवं करता आलं असतं."

"आलं असतं. पहिल्या वर्षी त्यासाठीच गेलो होतो उबेराबाला. वाक्य पाठ केलं होतं, बसमध्ये म्हणून पण बघितलं. पण लाउडस्पीकरवर नाव पुकारलं आणि त्याने मान अशी वर केली, हुबेहूब सुलतान. म्हटलं, पोराला मेडल मिळतंय, बापाच्या बाजूने भांडण कशाला काढा." त्याने धूर सोडला. "आणि खरं सांगू, मजाही यायची. तुम्ही मान डोलवायच्या ना."

दोनाला राग यायला हवा होता. ती वाट बघत बसली, पण तो आला नाही.

"मी उद्या मंडळात जाऊन सांगणार आहे."

"कशाला? नवाबची नोंद जाईल. त्यात माझं काय भलं? मी खोटाकान तो खोटाकानच."

"तुमच्या भल्यासाठी नाही चालले. मी चारचौघांत कान धरून सांगितलं होतं की या कानाच्या वंशात भेसळ आहे. तोच कान माझ्या गोठ्यात निघाला. आता भेसळ खरी असेल, तर माझा दोनदा पहिला आलेला वळू भेसळीचा. भेसळ नसेल, तर मी तुमच्या वळूवर आळ घेतला. यातलं खरं कुठलं ते मला माहीत नाही, कोंपाद्रे. तेव्हाही माहीत नव्हतं. माहीत नसताना बोलले, एवढंच आता माहीत झालंय."

बेलार्मिनोने विडीची राख झटकली. मग म्हणाला, "स्कर्ट फाटलाय तुमचा. येताना सांगायला हवं होतं, मी तार उचलली असती."

उबेराबाला मंडळाचे प्रमुख डॉक्टर एवारिस्तो यांनी दोनाला स्वतःची खुर्ची दिली आणि तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग पाणी मागवलं, दोनासाठी. खोलीत आणखी तीन सभासद होते. तिघांच्याही गोठ्यात नवाबची वासरं होती.

"दोना झेनोबिया," डॉक्टर म्हणाले, "या वयात मन हळवं होतं. माझ्या आईचंही झालं होतं. ती म्हणायची, मी तिचा मुलगाच नाही."

"तिच्याकडे गुराखी होता का सांगायला?"

"गुराख्याच्या बोलण्यावर नोंद रद्द करायची? नवाबला पहिला नंबर मी दिलाय, दोनदा. मला वंश ओळखता येत नाही, असं तुमचं म्हणणं आहे का?"

"तसं नाही, डॉक्टर. आपल्या दोघांनाही येत नाही, असं म्हणणं आहे. आधी मला."

पंखा फिरत होता. एक सभासद म्हणाला, प्रदर्शन तोंडावर आहे, कॅलेंडर छापून झालंय, विषय पुढच्या वर्षी घेऊ. दुसरा म्हणाला, नवाबच्या कपाळाकडे बघून कोण म्हणेल तो पूनाचा नाही. तिसरा म्हणाला, दोनासारख्या बाईचा शब्द असताना शंका घेणंच चूक आहे.

"मी तेच सांगतेय," दोना म्हणाली. "माझ्या शब्दावर नोंद केलीत, माझ्याच शब्दावर काढा. तोच शब्द आहे. जुना झालाय, पण नीट ठेवलेला."

त्यांनी विचार करतो म्हणून सांगितलं. दोना म्हणाली, करा, आणि पिशवीतून डबा काढला. डब्यात भात, घेवड्याची उसळ आणि तळलेलं केळं होतं. तिने तो त्याच खुर्चीवर बसून सावकाश संपवला. डॉक्टर एवारिस्तो जेवायला जाऊन आले, तेव्हा ती खुर्चीत डुलकी घेत होती. मंडळाच्या खोलीत कोणी आपल्या वळूला शुद्ध म्हणवून घेण्यासाठी दिवसभर ठाण मांडून बसलं, असं पूर्वी पुष्कळदा घडलं होतं. उलट्यासाठी बसलेलं माणूस कसं उठवायचं, याची कोणालाच सवय नव्हती. ऑफिस बंद व्हायच्या आधी त्यांनी नवाबची नोंद रद्द केली.

काशोएरिन्याने या प्रामाणिकपणाचं मनापासून कौतुक केलं आणि दोनाशी बोलणं सोडलं. ज्यांच्या गोठ्यात नवाबची वासरं होती ते रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जायला लागले. एकाने तर गेल्या नाताळात दोनाने दिलेलं चीज परत पाठवलं. अर्धं खाल्लेलं होतं. दोनाने ते तसंच जाळीच्या कपाटात ठेवलं. ती तक्रार करत नव्हती. फक्त बैठकीत बसली की आजोबांच्या फोटोकडे पाठ करून बसायची.

डॉक्टर एवारिस्तो मात्र एक दिवस सुलतानला बघायला आले, दोनाने धोशा लावला म्हणून. सुलतान आंब्याखाली बसला होता, इतका म्हातारा की उठायचे कष्ट त्याने घेतले नाहीत. डॉक्टर गुडघ्यावर बसले. त्यांनी कपाळ पाहिलं, शिंगं पाहिली, डावा कान हातात घेतला आणि पुष्कळ वेळ धरून ठेवला.

"काय वाटतं?" दोनाने विचारलं.

"सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून मंडळात कोणी कधी ऐकलेलं नव्हतं, आणि ते म्हणताना त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं. "नियमात हे एक टोक सोडलं तर दुसरं काही आडवं येत नाही. तुमची इच्छा असेल, सेऊ बेलार्मिनो, तर शिक्का मारू. विस्तव करा."

बेलार्मिनोने सुलतानच्या मानेवरच्या माश्या हाकलल्या. "राहू दे, डॉक्टर. त्याला आता कशाला चटका. शिक्क्याशिवाय त्याने सगळं केलं, मुलगा पण पहिला आणला." मग दोनाकडे न बघता म्हणाला, "कोमाद्रेने बघावा पाहिजे तर कान. त्या दिवशी घाईत बघितला होता."

दोना खाली बसली. गुडघ्यांनी कुरकुर केली. तिने डावा कान हातात घेतला, टोकावरून अंगठा फिरवला. टोक बाहेर वळलं होतं, मऊ होतं, आणि ऊन लागून गरम झालं होतं.

"काय म्हणतोय?" बेलार्मिनोने विचारलं.

"काही नाही म्हणत," दोना म्हणाली. "कान आहे. ऐकतोय."

मे महिन्यात नवाबला मांडवात जागा नव्हती. तरी दोनाने त्याला आंघोळ घातली, शिंगांना तेल लावलं आणि उबेराबाला नेलं. नोंद नसलेल्या जनावरांना फाटकाबाहेर, पोरांना रपेटीला द्यायच्या तट्टांशेजारी उभं करायची परवानगी होती. आतून लाउडस्पीकर ऐकू येत होता, आणि दर नावाला नवाब मान वर करत होता. प्रत्येक वेळी दोना त्याच्या पाठीवर हात ठेवायची.

गावातला तोच न्हावी जवळून गेला. "काय खोटाकान बाई," तो म्हणाला, "यंदा बाहेर?"

"बाहेर हवा चांगली आहे," दोना म्हणाली.

थोड्या वेळाने बेलार्मिनो आला. त्याने न्हाव्याचं ऐकलं होतं आणि त्याचा चेहरा पडलेला होता. "नऊ वर्षं मी वापरलेलं नाव," तो म्हणाला, "आणि मला न विचारता तुम्हाला देऊन टाकलं."

"परत हवंय का?"

"राहू दे. तुम्हाला शोभतं." मग तो नवाबसमोर उभा राहिला, टोपी काढली आणि म्हणाला, "देखणं जनावर आहे, कोमाद्रे."

दोनाने या वेळी मान डोलवली नाही. तिने स्वतःची गवताची टोपी काढली. "कोणाचं आहे, कोंपाद्रे?"

बेलार्मिनोने विचार केला. आत लाउडस्पीकरवर दुसऱ्याच कुठल्यातरी वळूचं नाव पुकारलं गेलं आणि टाळ्या झाल्या. नवाबने मान वर केली. दोघंही टोप्या हातात धरून, टाळ्या थांबेपर्यंत त्याच्यासमोर उभे राहिले.